बटण दाबलं, पुढं काय हललं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी चार ओळी लिहिल्या होत्या की स्क्रीनवर काहीही हललं की डोळा तिकडं जातोच जातो, त्यामुळं ॲपमध्ये उगीच काही हलवू नका. त्यावर इतकी पत्रं आणि मेल आलेत की हा महिना पूर्ण त्यांनाच देतेय. डिझायनर आहेत, कोड लिहिणारी मुलं आहेत, एक किराणा दुकानदार आहेत आणि एक निवृत्त शिक्षिकाही आहेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथं दोन ओळींत भागतंय तिथं दोनच ओळी लिहिल्यात.

प्रश्न : पुण्यात एका छोट्या एजन्सीत दीड वर्ष यूआय, म्हणजे ॲपचे स्क्रीन न् बटणं, डिझाईन करतोय. आमचा क्लायंट दर मीटिंगला म्हणतो, सगळं बरोबर आहे पण डेड वाटतंय, जरा हलतं-बिलतं करा की. मग आम्ही कार्डं उडत आणतो, आयकॉन नाचवतो, त्याला आवडतं. दोन महिन्यांनी तोच म्हणतो ॲप स्लो झालंय. नक्की किती ॲनिमेशन टाकायचं?
(वाचक, कोथरूड)

उत्तर : किती ते नंतर बघू, आधी कुणाला काय सांगायचंय ते ठरव. माणूस स्क्रीनवर बोट ठेवतो तेव्हा त्याच्या मनात बारीक बारीक प्रश्न येत असतात, तो ते बोलून दाखवत नाही पण ते असतात. माझं बोट लागलं का? ही पाटी कुठून आली? मी पुसलं ते गेलं कुठं, परत मिळेल का? मी आत आलो की बाहेर पडलो? हालचालीचं काम म्हणजे या प्रश्नांना पाव सेकंदात, एकही शब्द न वापरता उत्तर देणं. जिथं प्रश्नच पडत नाही तिथं काही हलवायची गरज नाही, माझा सगळा हिशोब एवढाच आहे.

एक उदाहरण देते, आमच्याच कामातलं. किराणा मागवायचं ॲप होतं. यादीत तूरडाळ, बाजूला अधिकचं बटण, आणि वर उजव्या कोपऱ्यात पिशवीचं चित्र न् त्यावर आकडा. बटण दाबलं की कोपऱ्यातल्या ३ चे ४ व्हायचे, बाकी स्क्रीन ढिम्म. वापरून बघायला बोलावलेल्या एका काकूंनी ते बटण तीनदा दाबलं, कारण त्यांची नजर डाळीवर होती आणि डाळीपाशी काहीच झालं नव्हतं. बिल करताना तीन किलो डाळ निघाली आणि त्या बिचाऱ्या म्हणाल्या, माझंच काहीतरी चुकलं असेल. त्यांचं काही चुकलं नव्हतं, आमचं चुकलं होतं.

पहिला उपाय आम्ही केला तो अगदी तुमच्यासारखाच, डाळीचं पाकीट उडत उडत कोपऱ्यातल्या पिशवीत जाऊन पडायचं. ऑफिसात सगळे खूश. पण महिन्याचा किराणा म्हणजे तीस-चाळीस वस्तू, दहाव्या वस्तूला डोळा वैतागायला लागला, कारण दर वेळी नजर ओढून कोपऱ्यात न्यायची आणि मग परत यादीत आपली जागा शोधायची. शेवटी काय ठेवलं, तर ते अधिकचं बटण आहे त्याच जागी रुंद होतं आणि तिथंच वजा, १, अधिक असं दिसतं, १५० मिलिसेकंदांत. आणि कोपऱ्यातल्या पिशवीवरचा आकडा बदलताना ३ वर सरकून जातात न् ४ खालून येतात, म्हणजे वाढले हे कळतं, कमी केलं की उलट दिशेनं. पाकीट वगैरे सगळं काढून टाकलं. जिथं बोट आहे तिथंच उत्तर मिळालं.

यामागं डोळ्याचा एक मोठा कमकुवतपणा आहे. १९९७ मध्ये नजर न् लक्ष यांचा अभ्यास करणारे रोनाल्ड रेन्सिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग मांडला होता. दोन फोटो, दोघांत एक ठळक फरक, ते आलटून पालटून दाखवायचे पण मध्ये क्षणभर कोरा पडदा. लोकांना तो फरक कितीतरी वेळ सापडतच नाही, आणि कोरा पडदा काढला की लगेच दिसतो कारण तिथं हललेलं दिसतं. आपल्या ॲपमध्ये एक स्क्रीन जाऊन दुसरा फटकन येतो तेव्हा आपण हेच करत असतो, काय बदललं ते माणसाला शोधायला लावतो.

क्लायंटशी वाद घालू नकोस. तो डेड म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला एवढंच जाणवलेलं असतं की बटण दाबल्यावर दबत नाही, स्विच सरकत नाही, यादी शेवटाला आल्यावर थांबल्याचं कळत नाही. ते आधी नीट करून दाखव. आणि उडणारी कार्डं हवीच म्हणाला तर मीटिंगमध्येच त्याच्या हातात फोन दे आणि तेच काम सलग वीस वेळा करायला सांग. पहिल्यांदा ॲप उघडल्यावरचा स्वागताचा स्क्रीन एकदाच दिसतो, तिथं हवं तेवढं सजव, पण दिवसाला शंभरदा दिसणाऱ्या स्क्रीनवर हात आखडताच ठेव.

प्रश्न : किती मिलिसेकंद ठेवायचे याचा काही नियम आहे का? आमच्या टीमचा डिझायनर ६०० म्हणतो, मी २०० म्हणतो. आणि ईझ-इन, ईझ-आऊट यातलं कुठलं कुठं, दर वेळी गोंधळ होतो.
(फ्रंटएंड डेव्हलपर, नाशिक)

उत्तर : तुमचं बरोबर आहे, तरी २०० सगळीकडं चालणार नाही.

वापरायला सोपं कसं करावं याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी रूढ केलेले आकडे अजून उपयोगी पडतात. ०.१ सेकंदाच्या आत झालं तर माणसाला लगेच झाल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत त्याच्या विचाराची तार तुटत नाही, आणि १० सेकंदांच्या पुढं त्याचं लक्ष दुसरीकडं गेलेलं असतं. म्हणजे बटण दबल्याचं १०० मिलिसेकंदांच्या आत दिसायलाच हवं, तिथं सूट नाही. छोट्या गोष्टी, टिक, स्विच, रंग बदलणं, १०० ते २००. खालून वर येणारी पाटी, आत उघडणारं कार्ड, २०० ते ३००. फोनचा पूर्ण स्क्रीन व्यापणारं काही असेल तर थोडं जास्त. गूगलनं २०१४ मध्ये मटेरियल डिझाईन ही आपली डिझाईनची पद्धत आणली, त्यांच्या सुरुवातीच्या मार्गदर्शिकेत मोबाईलसाठी आत येणाऱ्या गोष्टीला २२५ आणि बाहेर जाणाऱ्या गोष्टीला १९५ मिलिसेकंद सांगितले होते. आकड्यांपेक्षा त्यांतला फरक लक्षात ठेवा, जाणारी गोष्ट येणाऱ्यापेक्षा लवकर जावी. पाहुणा येताना आपण दारापर्यंत जातो, पण माणसानं 'बंद कर' म्हटलेली खिडकी रेंगाळलेली कुणाला बघायची नसते.

आता ६०० चा हिशोब करा. आम्ही एका गोदामाच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर केलं होतं, तिथला क्लार्क एक फॉर्म दिवसाला साधारण ३०० वेळा उघडायचा. ६०० मिलिसेकंद गुणिले ३०० म्हणजे १८० सेकंद, रोजची तीन मिनिटं नुसती पाटी सरकताना बघत बसायचं. तीन मिनिटं ऐकायला कमी वाटतात, पण ती ३०० तुकड्यांत येतात आणि प्रत्येक तुकड्याला हात थांबतो. आम्ही ती १५० वर आणली आणि कीबोर्डनं उघडली तर ॲनिमेशनच नाही असं केलं. त्या क्लार्कनं दुसऱ्या दिवशी विचारलं, सर्व्हर बदलला का. सर्व्हर तोच होता.

ईझिंगचं, म्हणजे हलताना वेग कसा वाढावा न् कमी व्हावा याचं, असं करा, घरातला झोपाळा आठवा. टोकाला हळू, मधे जोरात, परत टोकाला हळू, हा झाला ईझ-इन-आऊट. एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणारी पण सगळा वेळ स्क्रीनवरच दिसणारी वस्तू अशी हलवा. स्क्रीनच्या बाहेरून आत येणारी वस्तू वेगात येऊन हळू होत थांबते, स्टँडमध्ये शिरणाऱ्या एसटीसारखी, तो ईझ-आऊट. बाहेर जाणारी हळू सुटून वेग घेत जाते, ती ईझ-इन. सरळ एका वेगानं, म्हणजे लिनिअर, फक्त गोल फिरणाऱ्या लोडरला आणि हळूच रंग बदलायला ठेवा, बाकी कुठंही ते यंत्रासारखं दिसतं कारण वजन असलेली कुठलीच गोष्ट एका झटक्यात पूर्ण वेग घेत नाही किंवा एका झटक्यात थांबत नाही. काही समजत नसेल तर ईझ-आऊट लावून मोकळे व्हा, बोटाला प्रतिसाद लगेच मिळतो.

जाता जाता, सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, आपण हा वेग सांगायला चार आकडे टाकून जो क्युबिक-बेझिए वक्र लिहितो, ते नाव पिएर बेझिए यांचं. रेनॉ या फ्रेंच मोटार कंपनीतले इंजिनिअर, १९६० च्या दशकात गाड्यांच्या पत्र्याची वळणं आखायला त्यांनी हे वक्र वापरले. मला ही गोष्ट फार आवडते, गाडीच्या दरवाज्याचा बाक आणि आपल्या मेन्यूचं सरकणं एकाच गणितातून येतं.

प्रश्न : माझं वय ६३. मुलानं नवीन फोन दिला, पण ॲप उघडलं की चित्र अंगावर आल्यासारखं मोठं होतं आणि मागचं मागं सरकतं, मला गरगरल्यासारखं होतं, कधी मळमळतं. घरातले म्हणतात सवय होईल. हा माझा भास आहे का?
(निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : बाई, भास अजिबात नाही, आणि सवय होईल म्हणून सोसत बसायचीही गरज नाही.

तुम्ही साताऱ्याच्या, त्यामुळं घाटात एसटीत पुस्तक वाचलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो सांगतो की आपण वळतोय, आणि डोळे पुस्तकावर असल्यामुळं ते सांगतात की काही हलत नाहीये. दोघांचं जमलं नाही की पोट ढवळतं. फोनवर हेच उलटं होतं. तुम्ही खुर्चीत स्वस्थ बसलेल्या असता, कान सांगतो शांत आहे, आणि डोळ्याला दिसतं की आपण पुढं झेपावतोय. काही लोकांना हे जास्त जाणवतं, कानाचा किंवा मायग्रेनचा त्रास असेल तर आणखी. त्यात वयाचंच असं काही नाही, विशीतल्या मुलांनाही होतं.

२०१३ मध्ये ॲपलनं आयफोनसाठी आयओएस ७ आणलं, त्यात ॲप उघडताना मोठी झेप होती आणि फोन कलता केला की मागचं चित्र वेगळं सरकायचं. जगभरातून लोकांनी कळवलं की चक्कर येते. महिनाभरात आलेल्या ७.०.३ या अपडेटमध्ये ती झेप बंद करून एक स्क्रीन विरत दुसरा येईल अशी सोय दिली. तीच आजही आहे. आयफोन असेल तर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, मोशन, तिथं 'रिड्यूस मोशन' चालू करा. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'रिमूव्ह ॲनिमेशन्स' असं काहीतरी असतं, कंपनीनुसार नाव आणि जागा जरा बदलते, सापडलं नाही तर वर शोधायच्या चौकटीत ॲनिमेशन असं टाइप करा. पाच मिनिटांचं काम आहे, नातवंडाला बसवून करून घ्या. आणि फोन हातात नसतानाही गरगरत असेल तर मात्र फोनला दोष न देता कानाच्या डॉक्टरांकडं जाऊन या.

बाईंचं पत्र मी आमच्या ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि आता डिझायनर-डेव्हलपर मंडळींना सांगते. त्यांनी ते सेटिंग चालू केलं तरी तुमची वेबसाईट ते आपोआप ऐकत नाही, तुम्हाला ते विचारावं लागतं. सीएसएसमध्ये त्यासाठी प्रेफर्स-रिड्यूस्ड-मोशन ही मीडिया क्वेरी, म्हणजे वापरणाऱ्याचं सेटिंग विचारून घेणारी ओळ, आहे, सफारीत २०१७ पासून, क्रोममध्ये २०१९ पासून. चार ओळींचं काम. सगळं बंद करा असंही त्याचं म्हणणं नाही, रंग बदलणं, हळूच विरणं चालतं. त्रास होतो तो झूम, मोठी सरक, गोल फिरणं आणि स्क्रोल करताना मागचं-पुढचं वेगवेगळ्या वेगानं जाणं, याचा. आपण केलेल्या स्क्रीननं कुणाला मळमळू नये एवढं तरी आपण बघायलाच हवं.

प्रश्न : माझं इचलकरंजीत किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक फोन दाखवतं, त्यावर हिरवी टिक फिरून येते, आवाज येतो. मी माल देतो. दोनदा असं झालं की पैसे आलेच नाहीत. टिक आली म्हणजे पैसे आले असं धरायचं का?
(वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही दादा, अजिबात धरू नका. गिऱ्हाइकाच्या फोनवर जे फिरतं, हलतं, वाजतं ते फक्त चित्र आहे. अशी बनावट ॲप असतात की त्यात दुकानाचं नाव आणि रक्कम टाकली की हुबेहूब तसाच स्क्रीन, तशीच टिक, तसाच आवाज. पोलिसांनीही याबद्दल वेळोवेळी सावध केलंय. तुमच्या स्वतःच्या फोनवर तुमच्या ॲपमधली नोंद बघा किंवा तुमच्या काउंटरवरच्या साउंडबॉक्सनं रक्कम बोललेली ऐका, ते खरं. आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाईक लबाडच असतं असं नाही, कधी त्याच्या खात्यातून पैसे कापले जातात आणि तुमच्याकडं पोचायला अडकतात, त्यामुळं भांडायच्या आधी त्याच्या ॲपमधला व्यवहार पेंडिंग आहे का ते शांतपणे बघा.

हा प्रश्न मी मुद्दाम घेतला, कारण आमच्या धंद्यात त्या हिरव्या टिकेवर आम्ही आठवडे घालवतो. गोल कसा पूर्ण व्हावा, टिकेची रेघ कुठून निघावी, शेवटी ती किंचित उसळावी का. त्या टिकेवर माणसं विश्वास ठेवतात म्हणून तर ती इतकी जपून करायची. सर्व्हरकडून पक्कं उत्तर येईपर्यंत ती दिसता कामा नये. फोटोला लाइक केलं तर हृदय लगेच लाल करा, मागून नेटवर्क गेलं तर परत पांढरं करता येतं, कुणाचं काही बिघडत नाही. पैशाच्या बाबतीत असं आधी दाखवून मागून निस्तरणं चालत नाही. पेंडिंगचं चित्र यशाच्या चित्रासारखं दिसू देऊ नका, नुसता रंग बदलून भागत नाही, हिरवा न् पिवळा भर उन्हात दुकानाच्या पायरीवर सारखाच दिसतो. घड्याळाचा आकार ठेवा, 'पैसे अजून पोचले नाहीत' असं धडधडीत मराठीत लिहा, आणि ते उसळणारं बिसळणारं काही नको, स्थिर ठेवा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर लोण्यासारखं चालणारं ॲनिमेशन गिऱ्हाइकाच्या फोनवर अडखळत चालतं. फोन बदला असं तर सांगू शकत नाही.
(तीन-चार वाचक, हा प्रश्न पिंपरी, नागपूर आणि पणजीहून जवळपास याच शब्दांत आला)

उत्तर : ६० हर्ट्झचा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० हर्ट्झला ८.३. तेवढ्यात ब्राउझरचं काम झालं नाही की ते चित्र चुकतं, आणि सलग तीन-चार चुकली की डोळ्याला अडखळल्यासारखं दिसतं. तुमचा लॅपटॉप ताकदीचा आहे, तो तुमची चूक झाकून नेतो. सात-आठ हजारांचा फोन ती झाकू शकत नाही.

बहुतेक वेळा चूक एकच असते, तुम्ही वस्तूची रुंदी, उंची, किंवा टॉप-लेफ्ट म्हणजे वरून न् डावीकडून किती अंतरावर ते, बदलत असता. पंगत बसलीय असं समजा. मधल्या माणसानं पाट जरा सरकवला की शेजारच्यानं सरकायचं, मग त्याच्या शेजारच्यानं, शेवटपर्यंत. रुंदी बदलली की ब्राउझरला अख्खी पंगत परत बसवावी लागते, तेही प्रत्येक चित्राला, सेकंदाला ६० वेळा. ट्रान्सफॉर्म (वस्तू सरकवणं, लहान-मोठी करणं) आणि ओपॅसिटी (ती किती आरपार दिसते ते) वापरलं तर पंगत जागेवर राहते, ती वस्तू वेगळ्या काचेवर काढून नुसती काच सरकवल्यासारखं होतं आणि ते काम ग्राफिक्सची चिप सहज करते. म्हणून हलवायचं ते ट्रान्सफॉर्मनं, दाखवायचं-लपवायचं ते ओपॅसिटीनं. सावली आणि ब्लर हलवणं टाळाच, सावली वाढवायचीच असेल तर मोठी सावली आधीच तयार ठेवून तिची फक्त ओपॅसिटी बदला.

यादीतल्या ओळी खालीवर होताना काय, असं पणजीच्या वाचकानं विचारलंय. तिथं फ्लिप नावाची युक्ती आहे, वेब डेव्हलपर पॉल लुईस यांनी ती सांगितली. वस्तू आधी कुठं होती ते मोजायचं, यादी एकदाच नवीन क्रमानं लावून टाकायची, आता कुठं आहे ते मोजायचं, मग ट्रान्सफॉर्मनं तिला जुन्या जागी आहे असं भासवायचं आणि तिथून सोडून द्यायचं. पंगत एकदाच बसते, बाकी सगळा काचेचा खेळ.

आणि विल-चेंज, म्हणजे ही वस्तू हलणार आहे असं ब्राउझरला आधीच सांगून ठेवणं, सगळ्याला लावून ठेवू नका, प्रत्येक काचेला मेमरी लागते, स्वस्त फोनची ती आधीच भरलेली असते. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये, म्हणजे डेव्हलपरसाठीच्या साधनांत, प्रोसेसर चार-सहा पट हळू करून बघायची सोय आहे, ती रोज वापरा, पण तेवढ्यावर थांबू नका. एक साधा जुना फोन विकत घ्या, त्यात फोटो आणि व्हिडिओ भरून स्टोरेज जवळपास संपवा, आणि उन्हात उभं राहून तुमचं ॲप चालवा. आमच्याकडं असा एक फोन आहे, काच तडकलेला, आणि त्याच्यावर चालल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही.

प्रश्न : लोडर ठेवू की राखाडी ठोकळ्यांचा स्केलेटन?
(वाचक, ठाणे)

उत्तर : काय येणार त्याचा आकार माहीत असेल तर स्केलेटन, नाहीतर लोडर. पण ठोकळे खरोखर येणाऱ्या मजकुराच्याच मापाचे हवेत, नाहीतर मजकूर आला की सगळं उडी मारतं आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. पाव-अर्ध्या सेकंदात येणार असेल तर काहीच दाखवू नका, चमकून गेलेला लोडर जास्त टोचतो. किती वेळ लागेल ते माहीत असेल तर भरत जाणारी पट्टी द्या. २००७ मध्ये संशोधक क्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास करून दाखवलं की शेवटाकडं वेग घेणारी पट्टी लोकांना लवकर संपल्यासारखी वाटते आणि शेवटाजवळ अडकणारी उशिरा. तरी ९९ टक्क्यांवर दोन मिनिटं उभी राहणारी पट्टी आपण अजून बनवतोच, ते आधी थांबवा.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या वेबसाईटवर पाच फोटोंचा आपोआप सरकणारा स्लायडर, खाली पळती ओळ, आणि प्रत्येक सूचनेपुढं 'नवीन' असं लुकलुकतं. प्राचार्यांना ते हवंय. मी कुठल्या आधारावर नको म्हणू?
(वाचक, लातूर)

उत्तर : आधार पक्का आहे. वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, डब्ल्यूसीएजीमध्ये, स्पष्ट लिहिलंय की आपोआप सुरू होणारी, ५ सेकंदांपेक्षा जास्त चालणारी आणि बाकी मजकुराच्या जोडीनं हलणारी गोष्ट थांबवायची सोय असलीच पाहिजे. आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखता कामा नये. हा दुसरा नियम गंमतीतला नाही. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये मुलांच्या एका टीव्ही कार्टूनमध्ये लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण १२ वेळा लखलखला आणि ६०० हून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं, कित्येकांना फिट आली होती.

तुमचं 'नवीन' इतकं जोरात लुकलुकत नसेल, पण ते वाचणाऱ्याचं लक्ष सतत ओढतं, आणि वाचणारा कोण आहे बघा, प्रवेशाची शेवटची तारीख शोधणारा बारावीचा मुलगा. पळत्या ओळीत ती तारीख निघून गेली की तो परत यायची वाट बघत बसतो. लोकल गाडीच्या डब्यातल्या पळत्या पाटीवर आपलं स्टेशन वाचायचं राहिलं की किती जीव टांगणीला लागतो ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल. प्राचार्यांना सांगा, तारीख स्थिर आणि ठळक अक्षरांत सगळ्यात वर, फोटो हवे तर बाण दाबून बघता येतील असे. 'नवीन' ठेवा, फक्त लुकलुकणं काढा. बहुतेक जण यावर राजी होतात, कारण त्यांना हवं असतं ते म्हणजे सूचना मुलांनी वाचावी.

प्रश्न : मी बारावी झाले, मला मोशन डिझाईन शिकायचंय. कुठलं सॉफ्टवेअर शिकू? घरी म्हणतात कार्टून काढून पोट भरणार का?
(वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : घरच्यांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांग. १९१२ मध्ये, पहिला मोठा चित्रपट काढायच्या आधी, त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोपाचे रोज थोडे थोडे चित्रण घेत महिन्याच्या वर ते काम चालवलं. पडद्यावर बघताना ते रोप भराभर वाढलेलं दिसायचं. ते बघून त्यांना भांडवल द्यायला माणूस तयार झाला. एका रोपट्याच्या हालचालीनं त्या माणसाला पटवलं. तुझ्या घरच्यांना पैशाचीच काळजी असेल तर बँकेचं, दवाखान्याचं, रेल्वेच्या तिकिटाचं ॲप उघडून दाखव आणि विचार, हे सरकणं, हे उघडणं कुणीतरी बसून ठरवलंच असेल ना.

सॉफ्टवेअर म्हणशील तर फिग्मा या स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन स्क्रीनमधलं सरकणं करून बघता येतं, तिथून सुरू कर. आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर पुढं लागेलच, त्यात केलेलं ॲपमध्ये न्यायला लॉटी नावाची फाईल वापरतात. एअरबीएनबी या राहायच्या जागा भाड्यानं मिळवून देणाऱ्या कंपनीच्या टीमनं ती २०१७ मध्ये बाहेर आणली आणि नाव दिलं लोटे रायनिगर यांच्यावरून, कागद कापून सावल्यांची फिल्म करणाऱ्या जर्मन बाई. त्यांचं काम शोधून बघ, काळ्या सावलीला चेहरा नाही तरी ती काय करणार ते नुसत्या हालचालीवरून कळतं. डिस्नेच्या स्टुडिओत तयार झालेली ॲनिमेशनची १२ तत्त्वंही वाच. आपल्याकडं ती परंपरा नवीन नाही, १९५६ मध्ये डिस्नेतलेच क्लेअर वीक्स मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये येऊन आपल्या चित्रकारांना शिकवून गेले. पुढं मन रमलं तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाईन विभागात आणि अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत ॲनिमेशन शिकवतात, प्रवेशाची चौकशी आत्तापासून कर.

पण आज संध्याकाळी यातलं काहीच नको. घरातला चेंडू घे, फोन स्लो-मोशनवर ठेव, चेंडू फरशीवर पडतानाचा व्हिडिओ काढ. मग तो थांबवत थांबवत बघ आणि जुन्या वहीच्या कोपऱ्यात, प्रत्येक पानावर एक, असा तो चेंडू पेन्सिलनं काढ. वर असताना दोन चेंडूंत अंतर किती कमी आहे आणि खाली येताना किती वाढतं ते मोजून लिही. तीस पानं झाली की अंगठ्यानं वही फरफर सोडून बघ. चेंडू कापसाचा वाटतोय की दगडाचा, ते लगेच कळेल, आणि कुठल्या पानावर अंतर चुकलंय तेही. पानांचे फोटो काढून पाठव, मी बघून कळवते.